तुसाचा कोळसा विकायच्या आधी पाणी कसलं आहे ते बघा



सांडपाण्याच्या धंद्यावर व्हिडिओ टाकला तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाचं तूस भरपूर आहे. त्याचा कोळसा करून राइस मिलचं घाण पाणी साफ करायचा धंदा टाकू का?"

माझं मत सरळ सांगतो. मिलसाठी टाकू नका. कोसा रंगवणाऱ्यांसाठी टाकता येईल, पण आधी पाच बाटल्यांची परीक्षा घ्या, मग भट्टीचा खर्च करा.

पहिली गोष्ट, तूस फुकट नाही. शंभर किलो धानामागे वीस किलोच्या आसपास तूस निघतं आणि पुष्कळ मिलवाले तेच बॉयलरमध्ये जाळतात. तुम्ही चार ट्रॉल्या मागितल्या की दुसऱ्या दिवशी त्याला भाव येईल. हे मी दुकानदार म्हणून सांगतो. बॉयलरची पांढुरकी राख "फिल्टर पावडर" म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्या राखेत बहुतेक सिलिका असते. घाण धरून ठेवायला बारीक छिद्रांचा काळा कोळसा लागतो आणि तो कमी हवेत जाळूनच होतो.

आता मिलचं पाणी. उकडा तांदूळ, ज्याला आपण उष्णा म्हणतो, त्याच्यासाठी धान गरम पाण्यात भिजवतात. त्या पाण्यात स्टार्च, साखर, प्रथिनं उतरतात. म्हणजे एका अर्थाने ती पातळ पेजच. दोन दिवसांत आंबते, वास सुटतो. हे पाणी नाल्यातून बोडीत गेलं की जंतू त्या पेजेवर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मग मासळी वर येते. ज्या ढिवर कुटुंबानं तलाव ठेक्यानं घेतलाय, त्याचं वर्ष गेलं.

पण जे जंतू बोडीत नुकसान करतात, तेच टाकीत आपलं काम करतात. पेज त्यांना आवडते, त्यांना खाऊ द्या. हवा सोडलेल्या टाकीत खाऊ द्या, नाहीतर बंद टाकीत खाऊ द्या म्हणजे वर जळणाचा गॅसही मिळेल. कोळसा खात नाही, फक्त धरतो. आणि धरणारी वस्तू भरते.

बीबीएला ब्रेक-इव्हन शिकवतात, सीओडी नाही शिकवत, म्हणून हा हिशेब कागदावर मांडून बघा. समजा मिलमधून रोज 10,000 लिटर पाणी निघतं आणि त्याचा सीओडी लिटरला 1,000 मिलिग्रॅम आहे. म्हणजे रोज 10 किलोचा भार. समजा तुमच्या एक किलो कोळशानं त्यातले 100 ग्रॅम धरले. तर रोज 100 किलो कोळसा लागला. तेवढ्यासाठी 300 किलोच्या आसपास तूस जाळा. आणि संध्याकाळी 100 किलो ओला, घाण कोळसा तुमच्या अंगणात. तो कोण नेणार? या आकड्यांत कोणताही भाव टाका, जंतूंच्या टाकीपुढे तुम्ही टिकत नाही.

मग जंतूंची पाकिटं विकू का, असं पुढचं विचारतात. थोडं थांबा. 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही हवेची पद्धत मांडली, तेव्हा पाकीट नव्हतं. तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही, पुन्हा नव्या पाण्यात घालून हवा दिली. बस. आजही प्लांट सुरू करताना शेणकाला किंवा दुसऱ्या प्लांटचा गाळ टाकतात. नागपूरच्या नीरीची फायटोरिड पद्धत तर खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस लावून चालते, मुळांशी जंतू वाढतात. पाकीट काही ठिकाणी कामी येतं, नाही असं नाही. पण दोन लाख डिपॉझिट भरून त्याची डीलरशिप घेणाऱ्या पोराला मी तरी नाहीच म्हणेन. टाकी बांधणं, हवेचा पंप चालू ठेवणं, महिन्याला नमुना लॅबमध्ये पोचवणं, याचे पैसे मिल देईल.

कोळशाची जागा तिथे, जिथे जंतूंना खाणं जमत नाही. रंग ही तशी वस्तू. आपल्या मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोसा विणतात. अशा रंगाईचं पाणी थोडं असतं, रोजचं नसतं, पण गडद असतं. तिथे छोट्या ड्रममधला कोळसा शोभतो.

इथेही एक खोच आहे. तुसाच्या कोळशावरचे पुष्कळ प्रयोग मिथिलीन ब्लू या रंगावर झालेत. तो धनभाराचा रंग, कोळशाला पटकन चिकटतो. रेशमाला बहुतेक अ‍ॅसिड रंग लागतात, ते ऋणभाराचे. म्हणून दुसऱ्याच्या प्रयोगातला "नव्वद टक्के" आकडा तुमच्या पत्रकावर छापू नका. रंगाऱ्याकडून त्याचंच पाणी आणा. पाच बाटल्यांत एकेक लिटर भरा. एकीत काही नको, बाकी चारीत 1, 2, 5, 10 ग्रॅम धुतलेला कोळसा. दिवसभर मधूनमधून हलवा, गाळा, पांढऱ्या कागदापुढे धरा. जमत नसेल तर पाणी थोडं आंबट करून पुन्हा बघा, अ‍ॅसिड रंग आंबट पाण्यात जास्त धरला जातो. मग मात्र सोडण्याआधी सामू परत जाग्यावर आणावा लागेल.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. बीओडी आणि सीओडी दोन्हीचा रिपोर्ट काढा. नदीनाल्यात सोडायला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे, सिंचनासाठी जमिनीवर सोडायला 100. गिऱ्हाइकाच्या संमतीपत्रात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. बीओडी सीओडीच्या निम्म्याच्या आसपास आला तर तिथे कोळसा विकूच नका, ते काम जंतूंचं.

आणि कोटेशनमध्ये कोळशाच्या दराखाली अजून एक ओळ टाका: वापरलेला कोळसा परत नेण्याचा दर. रंग धरलेला कोळसा बांधावर टाकला तर पावसात थोडा रंग पुन्हा सुटतो. ती ओळ वाचून गिऱ्हाईक म्हणालं, "एवढं कशाला, इथेच टाका ना बाजूला," तर त्याची ऑर्डर घ्यायची की नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा.