छायाचित्र कोणाचे?

कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर विवाहसोहळे साजरे होतात. त्यांची छायाचित्रे टिपण्याचा व्यवहार मात्र पुष्कळदा तोंडी बोलीवरच ठरतो. हा परस्परविश्वास स्तुत्य खरा. पण कायदा काही वेगळेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विपरीत करार नसल्यास, ग्राहकच असतो. स्वतःहून टिपलेल्या पावसाळी धबधब्याचे छायाचित्र छायाचित्रकाराचे; वधूवरांचे मात्र नव्हे! त्याची प्रत आपल्या जाहिरातीत छापायची, तरी त्याला ग्राहकाचीच अनुमती हवी. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांच्या संरक्षणाची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत नेली; पण हक्कच हाती नसेल, तर त्या मुदतीचे त्याला काय? तेव्हा इसारा घेतानाच, हक्क कोणाचा व वापर कोणता, हे लिहून घ्यावे. त्यात अविश्वास नाही. उभयतांचे हितच आहे.