मोडलं तर टाकू नका : खेळाच्या यंत्राची नाडी



मागच्या अंकात शिवणयंत्राच्या पट्ट्याविषयी लिहिले, तेव्हा आमच्या नातवाने तोंड वाकडे केले. "सवता, मुलांसाठी काहीतरी लिही ना!" म्हणून या वेळी खेळाच्या यंत्राची गोष्ट. आजी-आजोबांनीही वाचावी, कारण नाणे टाकून खेळायचे ते कपाटाएवढे यंत्र त्यांनी पाहिलेले असेल, आणि मुलांना वळून घरी आणताना त्याला शिव्याही घातल्या असतील.

आमच्या धाकट्या भाऊजींचे दिमोनाला कियोस्क होते. १९८३ च्या सुमारास त्यांनी एक वापरलेले पॅकमॅनचे यंत्र आणून दारात ठेवले. हा खेळ जपानच्या नामको कंपनीने १९८० साली काढला. तोरू इवातानी नावाच्या तरुणाने तो रचला. पिवळा गोळा चक्रव्यूहातून ठिपके खात पळतो आणि चार भुते त्याच्या मागे लागतात. एका चक्रव्यूहात २४० छोटे ठिपके आणि ४ मोठे. छोट्याचे १० गुण, मोठ्याचे ५०. मोठा खाल्ला की थोडा वेळ भुतांनाच खाता येते: पहिल्याचे २००, मग ४००, ८०० आणि १६००.

हे यंत्र बंद केले की सर्वांत जास्त गुण विसरून जाते. म्हणून भाऊजींनी कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता आणि त्यावर गल्लीतल्या पोरांचे गुण मराठी आकड्यांत लिहिले होते. का, तर पोरांनी वाचून त्यात खाडाखोड करू नये!

कियोस्क बंद झाले आणि यंत्र कोठीत गेले. गेल्या वर्षी भाऊजींचा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी काय सांगितले ते त्यांना ठाऊक आहे, आम्हांलाही. एक दिवस म्हणाले, "वहिनी, हात चालतायत तोवर एकदा खेळायचंय." यंत्र लावून पाहिले तर पडद्यावर नुसता कचरा. उलटीसुलटी अक्षरे यायची, क्षणात जायची, पुन्हा यायची. एका दुरुस्तीवाल्याने सांगितले, "हा बोर्ड टाका. नवा घालतो, त्यात साठ खेळ येतात." भाऊजी म्हणाले, "मला साठ नकोत, एक पाहिजे."

मग आम्ही आणि नातू, दोघांनी मिळून ते काम घेतले. त्याने मोठमोठे नकाशे शोधून काढले. आम्ही वही घेतली.

आधी एक ताकीद, मुलांनो. अशा यंत्राच्या जुन्या काचेच्या पडद्यात हजारो व्होल्ट असतात आणि वायर काढल्यानंतरही ते आत साठून राहतात. पडद्याच्या मागे हात घालायचा नाही, म्हणजे नाहीच. ते काम जाणकाराचे. आम्ही यंत्राची वायर भिंतीतून काढली, आमच्या ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकला बोलावले आणि त्याच्याच हातून बोर्ड बाहेर काढून घेतला. पुढे बोर्ड लावून बघायची वेळ आली की तोही जवळ बसायचा.

वॉर्डात नवा पेशंट आला की आम्ही आधी औषध देत नसू. नाडी, ताप, रक्तदाब बघायचा आणि तक्त्यावर लिहायचे. बोर्डाचेही तसेच. बोर्ड टेबलावर ठेवून आधी नुसते पाहिले. धूळ, झुरळांची घाण, आणि ज्या कडेने बोर्ड जोडणीत बसतो तिथल्या पट्ट्या काळ्या पडलेल्या. फोटो काढला. मग पेन्सिलीच्या रबराने पट्ट्या हलकेच घासल्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसल्या. सँडपेपर लावायचा नाही, वरचा मुलामा निघतो.

पहिले माप विजेचे. या चिप्सना ५ व्होल्ट लागतात. ४.७५ च्या खाली किंवा ५.२५ च्या वर गेले की भरवसा नाही. मल्टीमीटरचे टोक थेट चिपच्या पायावर टेकवले तर ४.४! पेशंट उपाशी होता. काळ्या पट्ट्यांतून आणि जळक्या जोडणीतून पुरेशी वीज येतच नव्हती. मेकॅनिककडून नवी जोडणी लावून घेतली. मीटर ५.०२ वर आले. आम्ही टाळी वाजवली आणि यंत्र चालू केले. पडद्यावर तोच कचरा.

इथे आम्ही चूक केली, तीही सांगतो. या खेळाचा मेंदू म्हणजे झेड-८० नावाची ४० पायांची चिप. नातू म्हणाला, "सवता, मेंदूच गेलाय!" आणि आम्हीही मान डोलावली. काही न मोजता स्क्रूड्रायव्हरने चिप उचकटली, तिचा एक पाय वाकला, नवी आणून बसवली. काही फरक नाही. चाळीस वर्षे नर्सिंग केलेल्या बाईने नाडी न बघता औषध दिले! त्या रात्री वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले: आधी माप, मग हात. आणि एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले, तर बरे कशाने वाटले ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी लॉजिक प्रोब आणला. हे पेनासारखे साधन आहे. पायावर टेकवले की तिथे वीज वर आहे, खाली आहे की धडधडते आहे ते दिव्याने दाखवते. झेड-८० च्या ६ नंबरच्या पायावर ठोके येतात, सेकंदाला सुमारे ३० लाख. ते येत होते. मग २६ नंबरचा पाय, म्हणजे रीसेट. चांगल्या बोर्डावर हा चालू होताना एकदा खाली जातो आणि मग वर स्थिर राहतो. आमचा सारखा खाली-वर होत होता.

याचे कारण असे. बोर्डावर एक पहारेकरी असतो. कार्यक्रमाने पहारेकऱ्याला सारखे "मी जागा आहे" असे सांगत राहायचे. पडद्याची १६ चित्रे होईपर्यंत, म्हणजे साधारण पाव सेकंदात, सांगितले नाही, तर पहारेकरी मेंदूला गदागदा हलवून पहिल्यापासून सुरू करायला लावतो. म्हणजे आमचा मेंदू जिवंत होता. त्याला वाचायला जे मिळत होते तेच चुकीचे होते.

मुलांनो, यंत्राची आठवण दोन प्रकारची असते. रॉम म्हणजे छापलेले पुस्तक. त्यात खेळाचे नियम असतात आणि वीज गेली तरी ते राहतात. रॅम म्हणजे आपली शाळेतली पाटी. आत्ताचे गुण, भूत कुठे आहे ते तिच्यावर लिहायचे, आणि वीज गेली की पाटी कोरी. भाऊजींच्या कागदाचे कारण आता कळले ना?

पुस्तक चार रॉम चिप्समध्ये आहे. त्या सॉकेटात बसवलेल्या असतात. एकेक बाहेर काढली (या वेळी चिमट्याने, दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचलत) तर पाय काळे ठिक्कर. पाय साफ केले, सॉकेट पुसले, परत बसवल्या. चिपच्या एका टोकाला खाच असते. ती होती त्याच बाजूला आली पाहिजे, उलटी बसवली तर चिप जळते. फोटो इथे कामी आला.

चालू केले. २६ नंबरचा पाय वर जाऊन शांत बसला! पण खेळ सुरू होईना. चालू होताना हा खेळ स्वतःची पाटी तपासतो, लिहितो आणि वाचून बघतो. आमचा तिथेच अडकला. मग रॅमच्या २११४ जातीच्या चिप्सवर एकेक करून बोट ठेवले. सगळ्या कोमट आणि एक चांगलीच तापलेली. ताप! प्रोब लावला तर तिच्या एका पायावर धडधड अजिबात नाही. संशय पक्का झाला.

ही चिप बोर्डाला डाग देऊन बसवलेली होती. ओढून काढली असती तर बोर्डावरची तांब्याची रेघ उखडली असती. म्हणून मेलेल्या चिपचे पाय कटरने कापले, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने काढला, भोके साफ केली, तिथे सॉकेट बसवले आणि त्यात नवी २११४ घातली. आमच्या डोळ्यांना आता ते बारीक दिसत नाही. डाग नातवाने दिले, भिंग आम्ही धरले.

हनुकाच्या चौथ्या रात्री दिवे लावून झाले आणि भाऊजींना यंत्रापुढे खुर्चीवर बसवले. पडद्यावर आधी अक्षरांचा गोंधळ, मग रेघांची जाळी, आणि मग खेळ. ती जुनी धून वाजली तेव्हा कोणी बोलले नाही. भाऊजींचा हात थरथरत होता, पण दांडा मोठा आहे, मुठीत धरता येतो. पहिला चक्रव्यूह पार झाला नाही. २,१६० गुण. शेवटचे भूत जवळ आले तेव्हा मराठीत काय म्हणाले ते इथे छापण्यासारखे नाही.

मग त्यांनी पेन मागितले. कपाटाच्या आतल्या कागदावर, जुन्या नावांच्या खाली, तारीख आणि गुण लिहिले. अक्षर वाकडे आले. नातवाला म्हणाले, "आता तू. आणि आकडा मीच लिहिणार हां." नातवाला मराठी आकडे येत नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून शिकायला बसलाय. भाऊजींच्या सूनबाईंनी एलियाहू हन्नाबींच्या नावाने मलिदा केला.

तुमच्या कोठीत असे काही पडले असेल तर टाकण्याआधी एक वही घ्या. आधी बघा, पुसा, मोजा, लिहा. मग हात लावा. आणि ज्याच्यासाठी दुरुस्त करायचे तो माणूस म्हातारा असेल, तर पुढच्या वर्षावर ढकलू नका.

पुढच्या अंकी प्रेशर कुकरची शिट्टी. मुलांनो, पत्रे लिहा. मराठीत चुका झाल्या तरी चालतील.

लोभ असावा.