घाई असली तरी हिशेब हवाच

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून भोसरीकडे वळले की शेडमागून शेड लागतात आणि आत सीएनसी यंत्रांवर गाड्यांचे सुटे भाग घडत असतात. तसेच एक यंत्र २३ जानेवारी २०२४ रोजी न्हावा शेवा बंदरात अडवले गेले. चीनहून कराचीला निघालेल्या जहाजात ते होते. डीआरडीओच्या तज्ज्ञांनी ते तपासले आणि क्षेपणास्त्रांसाठी ते वापरता येईल, असा संशय व्यक्त झाला. पाकिस्तानने सांगितले, वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीचे ते साधे लेथ आहे.

यंत्र एक, उपयोग दोन. त्यामुळे अनेकांचे म्हणणे असते की शस्त्रप्रसार रोखायचा तर सरकारचा हात मोकळा हवा. अशा कारवायांच्या खर्चाला संसदेची मंजुरी मागत बसले तर जहाज निघून जाईल.

जहाज थांबत नाही, हे खरेच. पण मंजुरीमुळे ते निसटते, हे खोटे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६७ नुसार आकस्मिकता निधी याच कामासाठी आहे: आधी खर्च, मग संसदेची मान्यता. २०२१ मध्ये तो ५०० कोटींवरून ३०,००० कोटी रुपये झाला. कझाकस्तानातून १९९४ मध्ये सुमारे ६०० किलो समृद्ध युरेनियम अमेरिकेने गुपचूप विमानाने हलवले, तेव्हाही अशा कामांना पैसा देणारा नन-लुगर कायदा अमेरिकी काँग्रेसने १९९१ मध्येच करून ठेवलेला होता.

देशाच्या सुरक्षेत लेखापरीक्षण कशाला, असाही सवाल येतो. त्याला कारगिलचे उत्तर आहे. त्या युद्धासाठी तातडीने केलेल्या खरेदीतला बराच माल लढाई थांबल्यावर पोचला, हे कॅगच्या २००१ च्या अहवालामुळेच कळले. घाईचा अधिकार सवयीचा कसा होतो, हे पुण्याच्या गोखले संस्थेतल्या डी. सी. वाधवांनी दाखवून दिले. बिहारने १९६७ ते १९८१ या काळात काढलेले २५६ अध्यादेश त्यांनी मोजले. त्यांतले काही पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार राज्यघटनेशी केलेले कपट ठरवला.

तेव्हा हात बांधू नका, पण मोकाटही सोडू नका. आकस्मिकता निधीतच शस्त्रप्रसार रोखण्यासाठी ठरावीक रक्कम आधीच राखून ठेवावी. गोपनीय तपशील लोकलेखा समितीच्या मोजक्या सदस्यांना बंद दाराआड दाखवावा आणि एकूण खर्चाचा आकडा सहा महिन्यांत संसदेत मांडावा. भोसरीतला कारखानदार निर्यातीआधी आपला माल दुहेरी वापराच्या वस्तूंच्या स्कोमेट यादीत बसतो का, हे तपासतो आणि बसत असेल तर परवान्यासाठी थांबतो. सरकारनेही आपल्या खर्चाला तेवढी शिस्त लावावी, ही मागणी खासदारांनी पुढच्या अधिवेशनात करावी.