मोबाईल हाती आला, विवेक कधी येणार?

विज्ञान वाढले की अंधश्रद्धा आपोआप मरते आणि तंत्रज्ञान आले की जात गळून पडते, असा एक भाबडा समज शिकल्यासवरल्या लोकांत रूढ आहे. खानदेशाने २०१८ साली तो महिन्याभरात दोनदा खोटा ठरवला. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात वाकडी येथे, विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली आणि तिचे मोबाईलवर चित्रीकरण करण्यात आले. त्यानंतर १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, भर आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे ठरवून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. पोटासाठी भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे होती. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर पोचले होते. दोन्ही ठिकाणी हातातले यंत्र एकविसाव्या शतकाचे होते आणि डोके मात्र मनूच्या काळातले होते.

वाकडीचा विचार करा. जळगाव जिल्ह्याचा शेतकरी विज्ञानाला परका नाही. ठिबक सिंचन, टिश्यूकल्चरची केळी, माती परीक्षण हे सारे त्याने आपलेसे केले. कारण त्यातून उत्पन्न वाढते. पाण्याचा थेंब न् थेंब मोजायला शिकलेल्या याच जिल्ह्यात, त्याच पाण्यात कोणाचे मूल उतरले यावरून पट्टा उगारला जातो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला, त्याला वाकडीच्या वेळी एक्क्याण्णव वर्षे झाली होती. म्हणजे आपल्या समाजाने विज्ञानातून फायदा तेवढा घेतला. विज्ञान ज्यावर उभे आहे ती पुरावा मागण्याची सवय मात्र बांधावरच ठेवली.

मारणाऱ्यांनी चित्रीकरण का केले, हाही प्रश्न आहे. एकेकाळी गावाच्या चावडीसमोर माणसाला अपमानित केले जाई, तेव्हा पाहणारे एक गाव असे. आता सारा देश पाहू शकतो. मोबाईलने चावडी मोठी केली. पण त्याच चित्रफितीमुळे घटना दडपता आली नाही, गुन्हा दाखल झाला, अटक झाली. एकच वस्तू अत्याचाराचे हत्यार झाली आणि तीच अत्याचाराचा पुरावाही झाली.

राईनपाड्याचा प्रश्न याहून अवघड आहे. मारणारा जमाव कोणा हवेलीतून आलेला नव्हता. गाव आदिवासी पट्ट्यातले, माणसे कष्टकरी. मरणारेही वंचित आणि मारणारेही वंचित! त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची हकिकत उघड झालेली आहे. कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती बनवली होती. शेवटी मोटारसायकलवरचे लोक मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कापला आणि प्रबोधनाची फीत अफवेची फीत झाली. पण केवळ फितीने माणूस मरत नाही. अनोळखी, मळक्या कपड्यांतला, झोळी घेऊन फिरणारा माणूस चोरच असणार, हा संशय आधीपासून मनात लागतो. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तरी भटक्या-विमुक्तांवरचा संशय रद्द झाला नाही. व्हॉट्सअ‍ॅपने नवे विष तयार केले नाही. जुने विष काही सेकंदांत वाटले.

म्हणून मोबाईलच वाईट, पूर्वीचे खेडे बरे, असे म्हणणाऱ्यांच्या मागे आपण जाता कामा नये. यंत्रसंस्कृतीला नावे ठेवणाऱ्या गांधीवादाला बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात सडेतोड उत्तर दिले आहे. यंत्राने माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवले आणि विचार करायला उसंत दिली, ही त्यांची भूमिका होती. यंत्राचा लाभ मूठभरांना होत असेल, त्यातून अनर्थ होत असेल, तर दोष समाजरचनेचा आहे आणि बदलायची ती समाजरचना, हा त्यांचा विचार मोबाईललाही तंतोतंत लागू पडतो.

मग कायद्याने काय केले? १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, अफवा पसरवणाऱ्यांवर नजर ठेवावी, जलदगती न्यायालयात शक्यतो सहा महिन्यांत खटला संपवावा, असे निर्देश दिले. व्हॉट्सअ‍ॅपनेही त्याच महिन्यात भारतात संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. १ जुलै २०२४ रोजी, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, भाषा, श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. पण अफवेवरून झालेली हत्या यात बसते का? आम्ही जात पाहून मारले नाही, चोर समजून मारले, असे उद्या आरोपी म्हणतील. त्याला उत्तर एकच : चोर समजलात ते कोणाला पाहून? हा प्रश्न न्यायालयात ठामपणे मांडणारे वकील चळवळीने उभे केले पाहिजेत.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. वाकडीची चित्रफीत फिरवणाऱ्यांत संतापलेले आपले कार्यकर्तेही होते. संताप रास्त होता. पण त्या लेकरांचे चेहरे, त्यांची विटंबना हजारो मोबाईलमध्ये पोचली. अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मनाई करते. शिवाय गटागटांतून फिरलेली, कापलेली, वर गाणे चढवलेली फीत न्यायालयात टिकत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन खोतकर प्रकरणात स्पष्ट केले. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून ज्या मोबाईलवर मूळ चित्रीकरण झाले तो जपा, त्यातील काही पुसू नका, पंचनामा करून तो जप्त करायला लावा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ (१०) नुसार खटल्याच्या कामकाजाचे चित्रीकरण व्हायला हवे. ते मागा. तंत्रज्ञान आपल्या बाजूला उभे करायचे ते असे.

आणखी एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. बाबासाहेबांनी कधीही न लिहिलेली वाक्ये त्यांच्या छायाचित्राखाली घालून आपल्याच गटांत फिरतात आणि खाली शेकडो ‘जयभीम’ पडतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. ते उघडून पाहण्याची तसदी किती जण घेतात? केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. स्वतः तपासा, हिताचे असेल तरच स्वीकारा. हा उपदेश शत्रूच्या अफवेला लागू होतो, तसाच आपल्या आवडत्या संदेशालाही लागू होतो. आज तर कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाचाही आवाज, कोणाचाही चेहरा बनवता येतो. उद्याची अफवा ओळखीच्या माणसाच्या आवाजात येईल.

राज्यघटनेच्या कलम ५१क (ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते कर्तव्य विहारातून सुरू करू या. रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढा. त्या आठवड्यात आलेला एक संदेश घ्या आणि तो कोठून आला, कधीचा आहे, पुरावा काय, पसरल्यास कोणाचा जीव धोक्यात येतो, हे मुलांकडून तपासून घ्या. आपल्या वस्तीजवळ भटक्यांचे पाल पडले तर त्यांची विचारपूस करा, ओळख करून घ्या. ओळखीच्या माणसाविरुद्ध अफवा सहजासहजी पेटत नाही. बाजारात जमाव जमला तर त्यात शिरून ‘पुरावा काय?’ असे विचारणारी चार माणसे प्रत्येक गावात हवीत. राईनपाड्यात अशी चार माणसे वेळेवर पुढे आली असती, तर पाच घरांतले कर्ते पुरुष आज जिवंत असते.

जयभीम!