विश्लेषण : दंड टळला, पण डोके वाचेल का? ‘फुल फेस’ हेल्मेट निवडताना नेमके काय पाहावे?

दुचाकीच्या आरशाला अडकवलेले किंवा कोपरात घातलेले हेल्मेट पुढच्या चौकात पोलीस दिसताच डोक्यावर चढते. हे दृश्य नांदेड आणि लातूरकरांना नवे नाही. हेल्मेट का काढले, असे विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. टोचते, गरम होते, मान दुखते, ऐकू येत नाही. या तक्रारी खोट्या नाहीत. मात्र त्यातील बहुतेक तक्रारींचे मूळ चुकीच्या मापाच्या, घाईत घेतलेल्या हेल्मेटमध्ये असते. त्रास देणारे हेल्मेट घरी राहते आणि घरी राहिलेले हेल्मेट कोणाचाही जीव वाचवत नाही. म्हणून आराम आणि सुरक्षा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकी चालवणाऱ्या आणि मागे बसणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तीला यातून सूट आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे देशभरातील शीख भाविक नांदेडला येतात, त्यामुळे येथे ही तरतूद ठाऊक असणे गरजेचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ (ड) मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद झाली. राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे बसणाऱ्यावरही काटेकोर कारवाईच्या सूचना दिल्या. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी वेगळा नियम आहे. त्यांना सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवे आणि दुचाकीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा.

हेल्मेटअभावी किती जीव जातात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीवरील मृतांची संख्या ७४ हजार ८९७ होती. हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ जण दगावले. त्यापैकी १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते. ‘मागे बसणाऱ्याला कशाला हेल्मेट’ या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे. हेल्मेटच्या उपयोगाविषयीच्या जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो.

अर्धे हेल्मेट का पुरत नाही?

रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपीसारखी हेल्मेट फक्त डोक्याचा वरचा भाग झाकतात. दुचाकीस्वार मात्र क्वचितच सरळ टाळूवर आपटतो. खड्ड्यात चाक गेले, कुत्रे आडवे आले किंवा समोरच्या वाहनावर धडक बसली, की शरीर पुढे फेकले जाते आणि तोंड रस्त्यावर घासते. जर्मन संशोधक डायटमार ओटे यांनी अपघातातील हेल्मेटवर आघात नेमका कुठे झाला याची नोंद केली. त्यात सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटी आणि जबड्याच्या भागात आढळले. हा भाग अर्ध्या हेल्मेटमध्ये पूर्ण उघडा असतो. ओपन फेस प्रकारात कान आणि मागचा भाग झाकला जातो, पण हनुवटी उघडीच राहते. फुल फेसमध्ये हनुवटीसमोर कवचाचाच अखंड पट्टा असतो. पुढून वर उचलता येणारे फ्लिप-अप हेल्मेट पंपावर किंवा बोलताना सोयीचे असते. मात्र ते जड असते आणि गाडी चालवताना पुढचा भाग बंद ठेवला तरच त्याचा पूर्ण उपयोग होतो.

हेल्मेट नेमके काय करते?

बाहेरचे कवच टोकदार वस्तू आत शिरू देत नाही आणि आघात मोठ्या भागावर पसरवते. खरे काम आतल्या थर्मोकोलसारख्या जाड थराचे असते. तो दबतो आणि डोके थांबायला थोडे जास्त अंतर देतो. साधारण दीड मीटर उंचीवरून डोके खाली आले, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो. म्हणजे गाडी उभी असतानाही तोल गेला तर एवढा वेग गाठला जातो. डांबरावर उघडे डोके दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबते. हेल्मेटमधला थर दबत गेला तर ते दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये थांबते. थांबण्याचे अंतर आठपट झाले, की मेंदूला बसणारा हिसका ढोबळमानाने आठपट कमी होतो. लातूरमध्ये खोलीवरून क्लासला जाणारा विद्यार्थी ‘दोनच किलोमीटर तर जायचे आहे’ म्हणतो, तेव्हा त्याने हे गणित लक्षात घ्यावे. अंतर कमी असले तरी डोक्याची उंची तेवढीच राहते.

‘आयएसआय’ शिक्का खरा कसा ओळखावा?

१ जून २०२१ पासून देशात भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र नसलेली दुचाकी हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा आहे. हेल्मेटसाठीचे मानक ‘आयएस ४१५१’ आहे. आयएसआय चिन्हाच्या वर हा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असला पाहिजे. नुसता चकचकीत स्टिकर कोणीही चिकटवू शकतो. म्हणून मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅप उघडून तो परवाना क्रमांक टाकावा. कंपनीचे नाव, उत्पादन आणि परवाना चालू आहे की नाही, हे लगेच दिसते. २०२५ च्या मध्यास देशात १७६ उत्पादकांकडे वैध परवाने होते. परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या उत्पादकांकडून दिल्लीत अडीच हजारांहून अधिक हेल्मेट जप्त करण्यात आली होती. म्हणजे जुना शिक्काही फसवा असू शकतो. ‘डॉट’ किंवा ‘ईसीई’ ही अनुक्रमे अमेरिकेची आणि युरोपची मानके आहेत. महागड्या हेल्मेटवर ती असली तरी भारतात विक्रीसाठी आयएसआय लागतोच. प्रमाणित फुल फेस हेल्मेट साधारण हजार ते दोन हजार रुपयांपासून मिळते. दोन-तीनशे रुपयांच्या हेल्मेटमध्ये आत थर्मोकोलऐवजी अनेकदा नुसता फोम असतो. तो बोटाने दाबताच पूर्ण चपटा होतो. आघातही तो तसाच डोक्यापर्यंत जाऊ देतो.

माप कसे घ्यावे?

शिंप्याचा मऊ फीत-टेप घ्यावा. भुवयांच्या वर साधारण एक बोट, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग येईल असा घेर मोजावा. हा आकडा मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावा. एका कंपनीचे ‘एल’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’एवढे असू शकते, म्हणून अक्षरावर न जाता लेबलवरील ५६०, ५८०, ६०० हे आकडे पाहावेत. घेर सारखा असला तरी डोक्याचा आकार वेगळा असतो. कोणाचे डोके गोल, तर कोणाचे लांबट. त्यामुळे मित्राला बसलेले हेल्मेट आपल्याला बसेलच असे नाही. ऑनलाइन मागवायचे असल्यास तेच मॉडेल आधी एखाद्या दुकानात घालून पाहिलेले बरे.

दुकानात हेल्मेट घालून बंद बांधावा आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच राहावे. दुकानदार घाई करत असेल तरी आपण करू नये. गालांवर गाद्यांचा सर्वत्र सारखा, घट्ट दाब हवा. कपाळावर किंवा कानशिलावर एकाच जागी टोचत असेल, तर ते हेल्मेट आपल्या डोक्याच्या आकाराचे नाही. महामार्गावर तासाभरात तिथे ठणका लागणारच. त्यानंतर दोन चाचण्या कराव्यात. पहिली, हेल्मेट दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे फिरवावे. त्याबरोबर गालाची आणि कपाळाची कातडी ओढली गेली पाहिजे. हेल्मेट नुसतेच फिरत असेल तर ते सैल आहे. दुसरी, बंद बांधलेला असताना मान खाली घालून दुसऱ्याला हेल्मेट मागून वर, पुढच्या बाजूला ढकलायला सांगावे. ते डोक्यावरून निघाले तर अपघातातही निघणार. नव्या गाद्या काही आठवड्यांत दबतात, म्हणून पहिल्या दिवशी थोडे घट्ट वाटणे योग्य असते. पहिल्याच दिवशी सैल वाटले तर पुढे ते हलणार. हनुवटीखालच्या बंदात एक-दोन बोटे जातील एवढीच जागा असावी. बंद न लावलेले हेल्मेट पहिल्याच धडकेत उडून जाते.

चष्मा असेल तर हेल्मेट आधी आणि चष्मा नंतर घालावा. चष्म्याच्या काड्या कानशिलावर दाबत नाहीत ना, हे दुकानातच पाहावे. अंबाडा किंवा उंच पोनीमुळे हेल्मेट मागून उचलले जाते आणि कपाळ उघडे पडते. मानेजवळ सैल वेणी घातली तर ते नीट बसते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचे काय?

एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा बंद हेल्मेट नकोसे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून घेताना हनुवटी आणि कपाळाजवळ हवा आत घेणारी आणि मागून बाहेर सोडणारी छिद्रे आहेत का, ती उघडता-मिटता येतात का, ते पाहावे. आतले अस्तर काढून धुता येणारे असावे, नाहीतर घामाच्या वासानेच हेल्मेट कोपऱ्यात जाते. पांढरे किंवा फिकट रंगाचे हेल्मेट उन्हात कमी तापते आणि रात्री दुरूनही दिसते. उपरणे, टॉवेल किंवा स्कार्फचे वेढे देऊन वर हेल्मेट घालण्याची सवय मात्र घातक आहे. त्यामुळे मोठ्या मापाचे हेल्मेट घ्यावे लागते आणि आघाताच्या वेळी ते कापडावरून सरकते. त्याऐवजी डोक्याला घट्ट बसणारी पातळ सुती टोपी पुरते. वजन साधारण सव्वा ते दीड किलोच्या आसपास असावे. रोज लांब जाणाऱ्याने त्यातल्या त्यात हलके निवडावे.

गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉली रस्त्यावर असतात आणि अनेकींना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. अशा वेळी काळी काच म्हणजे डोळ्यांवर पट्टीच. रात्रीसाठी स्वच्छ, पारदर्शक काच हवी. धूळ कोरड्या फडक्याने पुसली की काचेवर चरे पडतात आणि समोरच्या दिव्याचा प्रकाश त्यात फुटतो. आधी पाणी, मग मऊ कापड, हा क्रम ठेवावा आणि चरे पडलेली काच बदलून घ्यावी.

ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, हे खरे का?

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० दुचाकी अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. हेल्मेटमुळे वाहतुकीतील महत्त्वाचे आवाज ऐकू येण्यात किंवा अपघातापूर्वी बाजूचे दिसण्यात अडथळा आल्याचे त्यात आढळले नाही. उलट काच बंद असली तर वाऱ्याचा आवाज आणि डोळ्यांत जाणारे किडे, धूळ कमी होते. कानांत इअरफोन असेल तर गोष्ट वेगळी, पण तो दोष हेल्मेटचा नाही.

किती दिवस वापरावे?

आतला थर एकदाच दबण्यासाठी असतो. अपघातानंतर कवच बाहेरून धड दिसले तरी हेल्मेट बदलावे आणि कोणाचे वापरलेले विकत घेऊ नये. एरवी उत्पादक साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलण्याचा सल्ला देतात. उत्पादनाचा महिना-वर्ष आतल्या लेबलवर असतो. पेट्रोल, थिनर किंवा रंग लावल्यास प्लास्टिकचे कवच कमकुवत होते. आरशाला अडकवून ठेवल्याने आतला थर एका जागी खचतो.

अपघातात दुसऱ्याच्या डोक्यावरील फुल फेस हेल्मेट ओढून काढू नये, मानेला इजा असू शकते. काच उघडावी, डोके-मान स्थिर धरावी आणि १०८ वर फोन करावा. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, एकाने मान आधाराने धरून, ते हळूहळू काढावे.

नांदेड-लातूरसाठी हे अधिक महत्त्वाचे का?

तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्ग ३६१ औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येतो. रस्ता रुंद झाला तसा वेग वाढला. गावांचे फाटे आणि शेतातून थेट महामार्गावर येणारी वाहने मात्र तशीच राहिली. डोक्याला मार लागल्यावर पहिला तास निर्णायक असतो. मोटार वाहन कायद्यानेही ‘गोल्डन अवर’ची व्याख्या अपघातानंतरचा एक तास अशीच केली आहे. डोक्याच्या गंभीर जखमीला बहुधा लातूर किंवा नांदेड शहरातच आणावे लागते. किनवट ते नांदेड हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. उदगीर, देगलूरहूनही तासाभरात पोहोचणे सोपे नाही. अशा ठिकाणी उपचाराची पहिली पायरी रुग्णालयात नव्हे, तर घरातून निघतानाच चढावी लागते.

सक्तीचे अनुभव राज्याने घेतले आहेत. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली आणि विरोधानंतर तो निर्णय मागे पडला. मोहीम संपली की हेल्मेट पुन्हा आरशावर जाते. मात्र नीट बसणारे, न टोचणारे हेल्मेट डोक्यावर राहते, मग चौकात पोलीस असो वा नसो. म्हणून दुकानात घालवलेली ती पंधरा-वीस मिनिटे दंडाच्या पावतीपेक्षा जास्त उपयोगाची ठरतात.