ड्रोनची बॅटरी फुगली? मग उड्डाण विसरा!

नागपूर : केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत 15 हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. मात्र मे महिन्यात विदर्भात पारा 45 अंशांवर गेला की पहिला फटका बसतो तो ड्रोनच्या बॅटरीला.

बॅटरी का फुगते?
अनेक ड्रोनमध्ये लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. उष्णता, जादा चार्जिंग किंवा बॅटरी पूर्ण रिकामी झाल्यास आतील इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन वायू तयार होतो. अशी बॅटरी ऐन उड्डाणात दगा देते. व्होल्टेज कोसळते आणि ड्रोन थेट खाली येतो. खाली शेतमजूर असतील तर?

संपर्क का तुटतो?
रिमोटचा सिग्नल बहुधा 2.4 किंवा 5.8 गिगाहर्ट्झवर चालतो. घरोघरचे वायफायही त्यावरच. मध्ये इमारत किंवा दाट झाडी आली तरी सिग्नल क्षीण होतो. तेव्हा 'रिटर्न टू होम' सुविधा असलेला ड्रोन आपोआप परततो. पण बॅटरीतच दम नसेल, तर तो वाटेतच पडतो.

काय काळजी घ्याल?
• उड्डाणानंतर बॅटरी थंड झाल्यावरच चार्ज करा.
• काही दिवस वापर नसेल तर प्रत्येक सेल सुमारे 3.8 व्होल्टवर ठेवा. उन्हातल्या बंद कारमध्ये बॅटरी नको.
• उड्डाणापूर्वी 'होम पॉइंट' तपासा. परतीची उंची आसपासच्या झाडे-इमारतींपेक्षा जास्त ठेवा.
• फुगलेली बॅटरी टोचू, दाबू किंवा चार्ज करू नका. घंटागाडीतही टाकू नका, कचऱ्यात आग लागू शकते. ती ई-कचरा केंद्रातच द्या.