मोहल्ल्याची सभा

रायपूरच्या नगरकारभाराविषयी गाऱ्हाणे ऐकू आले नाही असा दिवस जात नाही. परंतु त्याचे मूळ महापौरांत वा अभियंत्यांत नसून रचनेतच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती दहा लाखांवर गेली. वार्ड अवघे ७०. म्हणजे सुमारे चौदा हजार माणसांमागे एक पार्षद, आणि नागरिकाचा अधिकार पाच वर्षांतून एकदा मत देण्यापुरता! १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांना वार्ड समित्या आवश्यक केल्या खऱ्या. पण 'एक अथवा अधिक वार्डांची' समिती चालेल, अशी पळवाटही तेथेच ठेवली. अनेक वार्डांची एक समिती केली की ती पार्षदांची बैठक होते. मतदार बाहेरच राहतो.

याच राज्यात बस्तरच्या दुर्गम गावातील मतदार ग्रामसभेत बसतो. भूसंपादनापूर्वी तिचा वा पंचायतीचा सल्ला घ्यावा, असे १९९६ चा पेसा कायदा सांगतो. तो किती पाळला जातो हा प्रश्न निराळा. निदान हक्क तरी लिहिलेला आहे. राजधानीच्या नागरिकाला घटनेने अशी सभाच दिलेली नाही!

याची किंमत कोण देतो? २०१८ साली नहरपाऱ्यात काविळीने माणसे दगावली. नळाला गढूळ पाणी येते हे दफ्तराच्या आधी घराघराला कळते. ते अधिकाराने सांगण्याची जागा मात्र नसते. आज राजबंधा मैदान म्हणविणारी जागा एके काळी तलाव होती. पाणी गेले, नाव उरले. उरलेल्या तलावांचे भवितव्यही काठच्या वस्तीला न विचारताच ठरावयाचे काय?

गल्लीत सत्ता दिली तर गल्लीतले दांडगेच ती बळकावतील, असा आक्षेप घेतला जातो. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला तेव्हाही, हे लोक कारभारास अपात्र आहेत, असे गोरे अधिकारी म्हणतच होते. दांडगाई बंद खोलीत वाढते, भरल्या सभेत नव्हे. केरळने १९९४ च्या कायद्याने वार्डावार्डांत सभा वा समित्यांची तरतूद केलीच ना?

आमची मागणी मोजकी आहे. प्रत्येक वार्डात मोहल्ल्यांच्या सभा व्हाव्यात. वार्डाच्या निधीतील ठरावीक वाटा कोठे खर्चावा हे त्यांनी ठरवावे. आणि काम पुरे झाल्याचे सभेने मान्य केल्यावाचून ठेकेदाराचे बिल चुकते होऊ नये.

तात्यापाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी माणसांना सभा चालविणे नवे नाही. उत्सवाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब आम्ही मागतो. मग दारापुढच्या गटाराचा हिशेब मागताना 'आपण बाहेरचे' म्हणून गप्प का बसावे? ज्या शहरात आपण कर भरतो, ते आपलेच आहे.